मेहुण्याचा पहिला अल्बम

माझ्या मेहुण्याइतका अस्वस्थ प्राणी कल्याणपासून कर्जतपर्यंत शोधून सापडायचा नाही. अंबरनाथच्या कारखान्यातून सुटला की आमच्याकडे बदलापुरात कात्रपला यायचा, चहा अर्धा प्यायचा, वाक्य अर्धं बोलायचा आणि चपला घालून चालता व्हायचा. स्वतःच्या घराचं दार त्याने कमरेपर्यंत रंगवून सोडून दिलं होतं. बायको ओरडली की म्हणायचा, "पुरं झालं की बघतंय कोण त्याच्याकडं?" ही अक्कल त्याला एका सीडीने शिकवली होती.

उल्हासनगरातल्या एका दुकानातून त्याने कुण्या इंग्रज गायकाच्या पहिल्यावहिल्या अल्बमची नक्कल आणली होती. स्वतःच गाणी लिहून, गिटार बडवत, घरातून पळून निघाल्यासारखा गाणारा तरुण गडी. मेहुण्याचं इंग्रजी बेताचंच, पण अल्बम तोंडपाठ. शेवटचं गाणं मात्र ऐन रंगात खटकन तुटायचं. नक्कल करताना तुटलं असणार, असं मी म्हटलं, तर हा उसळलाच. "दाजी, मुद्दाम तोडलंय त्याने! ऐकणारा तळमळला पायजे, यही तो बात है!" तरी मी त्याला दुकानात पिटाळला. सिंधी दुकानदार शांतपणे म्हणाला, "साईं, ओरिजिनल ही ऐसा है." झालं! स्वारी आणखीच फुगली.

माझ्या सासूबाई बदलापूर गावातल्या धवलारीण. त्यांनी धवले, म्हणजे लग्नातली गाणी, गायल्याशिवाय आसपासच्या आगरी घरांत लग्न लागत नसे. मेहुण्याने त्यांना उल्हासनगरच्या स्टुडिओत नेलं, मागे गिटार वाजवली आणि स्वतःचा पहिला अल्बम काढला. शेवटचा धवला सासूबाईंनी अगदी अक्षता पडेपर्यंत गायला होता. याने तो मधेच कापायला लावला. घरी ऐकल्यावर सासूबाई कडाडल्या, "अरं मेल्या, धवला अर्धा सोरलास, आता नवरा मांडवानच उभा ऱ्हाईल ना!" हा हसला आणि अर्धा चहा ठेवून निघून गेला.

पुढे सासूबाई गेल्या. नंतर माझ्या ऑफिसातल्या एकाने लंडनहून त्या इंग्रजाची अस्सल सीडी आणली. मेहुण्याला बोलावून मी ती लावली. शेवटचं गाणं नेहमीच्या जागी तुटलं नाही. पुढे गेलं, हळू झालं, निवांत संपलं. मेहुणा उठला आणि कापलेला धवला मागायला तडक उल्हासनगरला गेला. स्टुडिओवाल्याने जुनं सगळं कधीच पुसून टाकलं होतं.

परवा तो आला. दार पूर्ण रंगवून झालं होतं म्हणे. चहा त्याने तळापर्यंत प्यायला. गावातल्या बायकांकडून उरलेला धवला म्हणवून घे, असं मी सुचवलं.

"शब्द सगळ्यांना येतात, दाजी. पण आईचा आवाज..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं होतं, पण चपला घातल्या नाहीत.