लेकीच्या खिडकीतला व्हिडिओ

चौथीतून शाळा सोडली, त्यामुळं माझ्या लिहिण्यात चुका असतील. पण जे सांगायचंय ते गाळणार न्हाई.

माझी लेक परदेशात एका म्हातारीची सेवा करायच्या नोकरीवर हाय. म्हातारीला चालता येत न्हाई. मागं तिथं लढाई पेटली. भोंगा वाजला की म्हातारीला चाकाच्या खुर्चीत बसवून तळघरात न्यायचं, निवळलं की परत वर आणायचं. त्याच इमारतीत शेजारच्या घरात आपल्याच भागातल्या चारठाणा गावची एक पोरगी कामाला होती. दोघी मिळून ती खुर्ची जिन्यावरनं उचलायच्या.

एक दिवस लेकीनं फोनवर व्हिडिओ पाठवला. खिडकीसमोरच्या इमारतीवर बॉम्ब पडला होता, धूर निघत होता. "आबा, मी ठीक हाय, पण हे कुणाला दाखवू नका," असं तिनं बजावलं. असले व्हिडिओ काढायला तिथं बंदी. नेम लागला का चुकला, ते दुश्मनाला त्यातून कळतं म्हणे.

फाट्यावरच्या हॉटेलात त्या दिवसांत लढाईचीच चर्चा चालायची. माझ्याच वयाचा एकजण सगळ्यांसमोर म्हणला, "आबाची लेक पुण्यात भांडी घासायलीय, आन् आबा सांगायलेत लढाईत हाय."

सगळे हसले. मी जन्मात कुणाचं ऐकून घेतलेलं न्हाई. बसल्या जागी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. वर खात्री पटावी म्हणून हॉटेलवाल्याकडून त्याखाली शहराचं, गल्लीचं नाव लिहून घेतलं. हसणारे गप झाले. मला लय बरं वाटलं. त्या दिवशीचा चहा मीच पाजला.

चार दिवसांत तो व्हिडिओ फिरत फिरत तिथल्या पोलिसांपर्यंत गेला. खिडकी त्यांनी ओळखली. लेकीला दिवसभर ठाण्यात बसवून घेतलं. त्या दिवशी दोनदा भोंगा वाजला, आन् दोन्ही वेळेला चारठाण्याच्या पोरीनं एकटीनं म्हातारीला पाठीवर घेऊन खाली नेलं.

सुटल्यावर लेकीचा फोन आला. तिनं तो व्हिडिओ दोघांनाच पाठवला होता, मला आन् त्या पोरीला.

"आबा, तुमी कुणाला दिला का?"

"न्हाई," मी म्हणलो.

एवढंच बोललो. लेकीनं लगेच विश्वास ठेवला, तेच मला जड गेलं. मग दोष कुणावर गेला ते सांगायला नको. दोन महिने फोनवर तिचं बोलणं ऐकायचो, ती पोरगी कशी विश्वासाला जागली न्हाई ते. मी "हं" म्हणायचो. पण खरं सांगायला तोंड उघडायचं न्हाई.

शेवटी एका सकाळी सांगून टाकलं. लेक म्हणली, "मला काय सांगताव? तिला सांगा." आन् नंबर दिला.

सख्ख्या भावाची कधी माफी मागितली न्हाई मी. त्या पोरीची मागितली. तिनं पुरतं ऐकून घेतलं. रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका," ती म्हणली, "भोंगा वाजला की मी आता पलीकडच्या तळघरात जाते. ताईला माझं तोंड दिसू नये म्हणून. तिकडं जायला रस्ता ओलांडावा लागतो."

दोन महिने, दर भोंग्याला, ती पोरगी उघड्या आभाळाखालनं तो रस्ता ओलांडत होती.