बीही गवंड्याची शाळा

भूकंपात दा बीहीचं घर बसलं तेव्हा त्याची थोरली बहीण आत होती. ते घर त्यानेच बांधलं होतं. मातीची भिंत ठोकण्यात त्याच्या तोडीचा गवंडी ॲटलासच्या आमच्या खोऱ्यात नव्हता. पण त्यानंतर दोन वर्षं त्याने माती ठोकायच्या धुम्मसाला हात लावला नाही.

गावाने नवी शाळा मातीचीच बांधायची ठरवलं, कारण सिमेंटच्या वर्गात पोरं उन्हाळ्यात भाजायची, हिवाळ्यात काकडायची. शहरातल्या इंजिनीअर बाईंनी भूकंपात तडा अडावा म्हणून भिंतीत थराथरावर लाकडी पट्टे घालायला सांगितले. मी शाळेचा मास्तर, म्हणून बीहीला बोलवायला गेलो. दुसऱ्याने बांधली तर आपल्याला झोप लागणार नाही, एवढंच म्हणून तो आला. गावातल्या लाला इज्जा आजीची नात आमच्या शाळेत होती. झऱ्यावर सगळ्यांदेखत इज्जा त्याला म्हणाली, "बहिणीला पुरलंस तेवढं पुरे नाही झालं?"

तो घागर उचलून बांधकामावर गेला.

शाळा उभी राहिली. एका भिंतीचा थोडा भाग बिनगिलाव्याचा ठेवला होता. पोरं त्यावर थर मोजत, माती कुठून आली, भिंत ऊन कसं अडवते, हे शिकत. तो धडा बीही द्यायचा, पण दारात उभा राहून. शाळेवर छत चढल्यापासून तो आत आला नव्हता. रोज सकाळी बाहेरून भिंती ठोकून आवाज ऐकायचा.

मार्चमध्ये धड्याच्या मध्येच जमीन गुरगुरली. पोरं शिकवल्याप्रमाणे दाराकडे धावली, आणि दारात बीही. दोन्ही हातांनी चौकट धरून, डोळे मिटून. मी ओढलं तरी हलेना. पोरं आमच्या पायांशी दाटली, वरून माती झरू लागली. इज्जाची नात त्याची बाही ओढत हळूच म्हणाली, "दा, बाजूला हो ना."

तो हलला तेव्हा धक्का थांबला होता.

आयाबाया धावत आल्या. गिलाव्याला लांब तडा गेला होता. आत काय झालंय ते पाहू, असा पोरांनी हट्ट धरला. बीही गिलावा सोलू लागला. तडा भिंतीत बोटभर गेला होता आणि लाकडी पट्ट्याशी थांबला होता. इज्जाने त्यात बोट घालून पाहिलं.

"उद्या पाठवते हिला," ती म्हणाली. "पण तू दारात उभा राहू नकोस."

त्या शरदात पलीकडच्या खोऱ्याने त्याला बोलावलं. तिथली शाळाही त्याने बांधली. आता दर गुरुवारी तीन तास चालत जाऊन तिच्याही भिंती ठोकून येतो.