साडूसारखी सायकल नको

आमच्या जितेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कशाचा हेवा वाटत नाही, असं सगळे म्हणतात. गांधीबागेतल्या कपड्याच्या ठोक दुकानात तो काउंटरवर असतो. दिवसभर साड्यांच्या घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या, गिऱ्हाईक काही न घेता गेलं तरी हसायचं. पण माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं, अंकुशभाऊजींचं, नाव निघालं की या माणसाचं जेवण अर्ध्यावर राहतं. मी त्याला दोष देणार नाही. श्वेताताईच्या घरात काहीही नवं आलं की माझ्याही पोटात दुखतं, आणि ती राहते आमच्याच लेआउटमध्ये, एक गल्ली सोडून.

यंदा अंकुशभाऊजींनी सायकल घेतली आणि दर रविवारी सकाळी गोरेवाड्याच्या तलावाकडे जायला लागले. आमची नववीतली भूमिका आपली सायकल काढून त्यांच्या मागे. परत आली की जेवताना नुसतं मावसाजी. मावसाजींनी तलावामागची मातीची वाट दाखवली, मावसाजींनी चेन चढवायला शिकवलं. एकदा मोर दिसला, तर तोही मावसाजींनीच आणल्याच्या थाटात सांगत होती. जितेंद्र वरणात भात कालवत होता, तो कालवतच राहिला. त्याचा सुटीचा तेवढाच एक दिवस. तो त्याला परत हवा होता, मुलीसकट.

मग सायकल घ्यायची ठरली. रोज घरून, मानेवाड्याहून, गांधीबागेतलं दुकान, आणि रविवारी ती मातीची वाट. भाऊजींनी चार दुकानं पालथी घातली आहेत, त्यांना विचारू, असं मी सुचवलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडला.

बर्डीच्या बाजारातल्या सायकलच्या दुकानदारानं चालवणार कुठे ते विचारलं आणि लगेच एक सायकल पुढे केली. टायर ना बारीक ना जाड, हँडल सरळ, उचलायला हलकी. डांबरावर पळेल, मातीतही दगा देणार नाही, म्हणाला. जितेंद्र एक चक्कर मारून आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता. मग त्याची नजर दांडीवरच्या नावावर गेली.

"ही तं अंकुशचीच आहे," तो म्हणाला.

रंग तेवढा वेगळा होता. ओळखीत कोणाकडे आहे म्हणजे बरंच, असं दुकानदाराला वाटलं. त्या बिचाऱ्याला साडू नसावा. जितेंद्र सरळ कोपऱ्यातल्या लाल सायकलीकडे गेला. मोटरसायकलीसारखे जाड टायर, पुढे शॉकअप, मागे शॉकअप. ही डोंगरात चालवायची, रोजच्या रस्त्यावर जड जाईल, असं दुकानदार सांगत राहिला. मी पर्समधून पैसे काढून दिले. ताईच्या दारातली सायकल माझ्या दारात उभी राहावी, हे मलाही नको होतं.

आठवडाभर तो लाल सायकलीवरून गांधीबागेतून यायचा आणि जेवायच्या आधीच झोपायचा. तरी रविवारची वाट पाहत होता. बाबा येणार म्हणून भूमिकाही खूश होती. मी आणि ताई आपापल्या स्कूटरवर चहा-चिवडा घेऊन निघालो. डांबरी रस्त्यावर भूमिका आणि भाऊजी पुढे, जितेंद्र मागे घामानं निथळत. दोघं प्रत्येक चौकात त्याच्यासाठी थांबायचे, आणि ते थांबणंच त्याला जास्त लागायचं.

तलावाजवळ भाऊजी म्हणाले, "जितेंद्र, एक चक्कर मारून पाहू दे गा." नव्या गाडीची चक्कर मागितली तर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. भाऊजी लाल सायकल घेऊन मातीत शिरले, भूमिका हसत त्यांच्या मागे.

"यायले कशी शोभून राहिली, नाही वं नंदिनी?" ताई मला म्हणाली. माझ्या तोंडातला चहा कडू झाला.

जितेंद्र भाऊजींची सायकल धरून उभा होता. मग तोही तिच्यावर बसला आणि गेला. बऱ्याच वेळानं तिघं परतले, तेव्हा जितेंद्र आणि भूमिका शेजारी-शेजारी गप्पा मारत येत होते आणि भाऊजी मागून धापा टाकत. जितेंद्रचा चेहरा दुकानात चक्कर मारून आला होता तेव्हासारखाच. मला इतका आनंद झाला की मी ताईला आणखी चिवडा वाढला.

भाऊजींनी घाम पुसला आणि लाल दांडीवरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत हेवा होता. मी तो घरात रोज पाहते, मला ओळखू येतो.

"हे मले दे, माही तू ठेव," ते म्हणाले. "मले अशीच पाह्यजे होती."

भूमिकाही म्हणाली, घ्या ना बाबा. जितेंद्रचा हात अजून त्या हलक्या सायकलीवरच होता. हो म्हण, असं मी मनात म्हणत होते. पण साडूच्या डोळ्यांतलं त्यालाही दिसलं होतं, आणि आजवर त्याच्याकडे असं कोणी पाहिलंच नव्हतं.

"नाही गा," तो म्हणाला. "माही मी कोणाले देत नसतो."

परतताना ऊन चढलं. ताई स्कूटरवर केव्हाच पुढे गेली. भूमिकाला ट्यूशनला जायचं होतं, म्हणून ती आणि भाऊजीही या वेळी कुठे न थांबता निघून गेले. मी जितेंद्रच्या बाजूनं स्कूटर हळू चालवत होते.

मान वर न करता त्यानं विचारलं, "भूमिका दिसून राहिली काय वं पुढं?"

"दिसून राहिली न," मी म्हटलं. "चौकात थांबली आहे, तुझ्यासाठी."

त्यानं जोर लावून पायडल मारायला सुरुवात केली. चौक रिकामा होता.