डाव्या हातावरची तुळस

“सेल्युलायटिस,” सर्जनसाहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्या डाव्या हाताची पट्टी कात्रीने उभी कापली. पट्टीबरोबर तिला चिकटलेली कातडीही निघाली. ज्या वॉर्डात सकाळी मी स्वतः चादरी घातल्या होत्या, त्याच वॉर्डातल्या एका खाटेवर मी पडले होते. साहेबांनी मनगटापासून वर बोट दाबत नेलं. जिथे दाबलं तिथे खड्डा पडला आणि तो तसाच राहिला.

सेल्युलायटिस म्हणजे कातडीखालच्या मांसात पू पसरत जाणं. तो कोपराच्या वर चढला होता. साहेब मेट्रनबाईंना म्हणाले, “उद्यापर्यंत उतरलं नाही तर अँप्युटेशन.” अँप्युटेशन म्हणजे काय ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्याच महिन्यात एका गाडीवानाचा कापलेला पाय मी बादलीत घालून बाहेर नेला होता.

हे धुळ्यातलं आहे, स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेलं. दवाखान्याचं नाव सांगत नाही. आता मी जळगावला नर्स आहे. माझ्या हाताखाली फैजपूरकडच्या, जामनेरकडच्या मुली शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी पदराखाली हात लपवतात. त्यांच्यासाठी लिहिते आहे. हात लपवणाऱ्या पोरी पुढे काय काय करतात हे मला पुरतं ठाऊक आहे.

मी पहूरजवळच्या एका खेड्यातली. नऊ वर्षांची असताना आईने मला गोंदणारणीपुढे बसवलं आणि स्वतः माझ्या पायांवर बसली, पळू नये म्हणून. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत वृंदावनासकट तुळस, हनुवटीवर तीन ठिपके आणि उजव्या पोटरीवर विंचू. विंचू एवढ्यासाठी, की कपाशी वेचताना खरा विंचू चावू नये. अंग गोंदल्याशिवाय आमच्याकडे मुलीचं लग्न होत नसे, सासरी तिच्या हातचं पाणी पीत नसत.

माझ्या हातचं पाणी पिऊनसुद्धा नवऱ्याने मला बैलाच्या काठीने मारलंच. दोन दात पाडले, एक बरगडी मोडली. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा मी मामाकडे गेले. मामाने कुणाची तरी चिठ्ठी मिळवली आणि मला धुळ्याला नर्सिंगला घातलं. परत जायचं झालं तर वाट एकच होती आणि तिच्या टोकाला तीच काठी होती. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा मूर्खपणा कळेल.

मेट्रनबाई शहरातल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या बांगड्या उतरवल्या, नाकातली चमकी काढायला लावली. मी चमकी रुमालाच्या गाठीत बांधली आणि विसरले. पण सहा महिन्यांनी मला ऑपरेशन थिएटरवर पाठवलं. तिथे कोपरापर्यंत हात ब्रशने घासावे लागतात. बाई नळापाशी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, घासून जात नाही तो मळच समजायचा, थिएटरमध्ये असला हात चालणार नाही, पेशंटला वाटतं शेणातून उठून आली. मी म्हटलं, तुळस आहे. त्या म्हणाल्या, “तोवर वॉर्डातच काम कर. पंधरा दिवसांत हात स्वच्छ दिसला नाही तर पेटी बांध.”

त्यांनी जाळ म्हणून सांगितलं नव्हतं, हे कबूल करते. पण गोंदण जातं कसं, हा विचार त्यांनी केला नाही, आणि मी केला तो असा.

आमच्या घरी बिब्बा हे औषध. टाचेला भेग पडली, काटा रुतला की आई बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि टपकणाऱ्या तेलाचा चटका द्यायची. वॉर्डात मी पेनिसिलीनची इंजेक्शनं देत होते. पण स्वतःच्या हातावर आलं तेव्हा आईचीच मुलगी निघाले. रविवारी दुपारी हॉस्टेलच्या न्हाणीत कडी लावून बसले. चुना आणि पापडखार कालवून तुळशीवर थापला, वाळल्यावर टाचा घासायच्या वजरीने रक्त येईपर्यंत घासलं आणि उघड्या मांसावर तीन बिब्ब्यांचं तेल टपकवलं. तोंडात टॉवेल कोंबला होता. नवऱ्याच्या माराला ओरडले नव्हते तेवढी त्या टॉवेलात ओरडले. हाताचं जमलं की हनुवटीचं करणार होते.

संध्याकाळी हातावर लिंबाएवढे फोड आले. थंडीचे दिवस, पूर्ण बाह्यांचा स्वेटर चालला. वॉर्डातला गॉझ चोरून पट्टी बांधली आणि तीन दिवस त्याच हाताने लोकांच्या जखमा धुतल्या. दुसऱ्याच्या जखमेला वास आला की डॉक्टरांना सांगायचं, हे मी पाठ केलं होतं. माझ्या हाताला वास येत होता आणि मी त्यावर पावडर मारत होते. चौथ्या दिवशी औषधांच्या ट्रेसकट वॉर्डात कोसळले.

पट्टी कापली तेव्हा सखूबाई आया माझं डोकं धरून होती. ती तिच्या अहिराणीत म्हणाली, “हाई काय करी बसनी व माय? बठ्ठा हात सडी जायेल शे.”

त्याच दुपारी चिरे दिले. ताप एकशे चार, म्हणून क्लोरोफॉर्म थोडाच दिला. पहिला चिरा कळला नाही. दुसरा कळला. तिसऱ्याला मी उठून बसले आणि चौघांनी मला टेबलावर दाबून धरलं. साहेबांनी चिऱ्यात बोट घालून आतली पोकळी फाडली, तेव्हा पुवाची धार त्यांच्या चष्म्यावर उडाली. मी त्यांना आईवरून शिव्या दिल्या. ते चष्मा पुसत म्हणाले, अजून जोर आहे, बरं लक्षण आहे.

मग दर चार तासांनी पेनिसिलीन. दोन दिवसांनी सुई टोचायला जागा उरेना. दुसऱ्या दिवशी हात कापला नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी काखेत चाचपून पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले. दवाखान्यात डॉक्टर गप्प राहून पुढे गेले की माणसाने देवाचे आभार मानावेत. तेव्हा मला तेवढी अक्कल नव्हती, मी रडत बसले.

ड्रेसिंग मात्र रोज. स्लफ, म्हणजे मेलेलं मांस, चिमट्याने ओढून काढायचं आणि युसॉलने, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने, धुवायचं. हे काम मेट्रनबाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. रोज सकाळी आठला त्या यायच्या, चिकटलेला गॉझ एका झटक्यात ओढायच्या. मला वाटायचं, मुद्दाम ओढतात. तुळशीची काळी चिंधी चिमट्यात धरून त्यांनी ट्रेमध्ये टाकली, त्या दिवशी माझं डोकं फिरलं. उजव्या हाताने मी तो ट्रे उचलला आणि त्यांच्या तोंडावर मारला.

ओठ फाटला. पांढऱ्या गणवेशावर रक्त टपटप पडलं. वॉर्डातल्या सगळ्या बायका उठून बसल्या. मला वाटलं, संपलं, आता पेटी बांधायलाही हा एकच हात.

बाईंनी ओठाला गॉझ लावला. सखूबाईला नवा ट्रे आणायला सांगितलं. हात पुन्हा धुतले आणि उरलेलं ड्रेसिंग पुरं केलं. चिमटा कुठे चुकला नाही. त्या गेल्यावर सखूबाई म्हणाली, “मारानी खुमखुमी व्हती ना, मारी लिधं. आते गप पडी ऱ्हाय.” मी वाट पाहिली. माझ्याविरुद्ध कुठलाही कागद कुठे गेला नाही.

महिन्याभराने जखम लाल झाली, पण कातडी येईना. साहेबांनी स्किन ग्राफ्टिंग ठरवलं, म्हणजे एका जागची कातडी सोलून दुसऱ्या जागी लावायची. मांडीची पातळ कातडी काढून लावली. आठव्या दिवशी पट्टी सोडली तर खाली पू, आणि कातडी भिजल्या कागदासारखी गळून आली. मांडी सोलली ती फुकट, वर हात तसाच उघडा. मी म्हटलं, कापून टाका एकदाचा. साहेब चिडले. म्हणाले, कापायचाच होता तर एवढे दिवस कशाला मेहनत केली, आता पोटरीची कातडी घेतो आणि जाड घेतो.

टेबलावर घेतलं. या वेळी पाय नुसता बधिर केला होता, मी जागी होते. साहेबांनी पोटरी पुसली आणि थांबले. “हा विंचू आहे. जाड घेतली तर शाईही बरोबर येईल. डाव्या पायाची घेऊ?”

मेट्रनबाई दिव्यापाशी उभ्या होत्या. त्यांच्या ओठावर टाक्याची खूण होती. मी त्यांच्याकडे बघून बोलले.

“हीच घ्या, साहेब. विंचवासकट.”

साहेबांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं. बाईंनी दिवा पोटरीच्या जवळ आणला.

कातडी सोलताना दुखत नव्हतं, पण आवाज येत होता, कापड फाडल्यासारखा. या वेळी ती धरली. पंधरा दिवसांनी बघितलं तर तुळशीच्या जागी फिकट निळा विंचू, पुढचा एक पंजा कडेला कापला गेलेला, शेपटी मनगटाकडे वळलेली. सखूबाई हसून हसून खाटेवर बसली. मीही हसले, आणि मग आईने पायांवर बसून गोंदवलेली तुळस आठवून खूप रडले. ती माझीच होती आणि मीच तिला जाळलं होतं. बोटं अजून पुरती मिटत नाहीत. रुमालातली चमकी सापडली, पण नाकाचं भोक बुजलं होतं.

मुलींनो, कुणी नोकरी जाईल म्हणून धमकावलं तर भांडा, रडा, माझ्याकडे या, हवं तर ट्रे फेका. स्वतःच्या अंगावर हत्यार चालवू नका. आणि जखम झालीच तर त्याच तासाला दाखवा. माझा हात बिब्ब्याने जेवढा नासला नसेल तेवढा त्या स्वेटरने नासवला.

अकराव्या आठवड्यात मी थिएटरच्या नळापाशी हजर झाले. बाह्या मनगटापर्यंत खाली होत्या. मेट्रनबाई आल्या.

“बाही वर कर.”

मी केली. त्यांनी माझा हात नळाखाली धरला, ब्रश घेतला आणि स्वतः घासला, बोटांपासून कोपरापर्यंत, जुन्या व्रणांवर हलका, बाकी जोरात. साबणाचा फेस ओघळून गेला. विंचू होता तिथेच होता. त्यांनी हात उजेडात फिरवून पाहिला.

“स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “आत जा.”

मी आत गेले. पहिलं ऑपरेशन हर्नियाचं होतं.