अकरा काजं

रोज सकाळी घरातून निघताना काका दारात थांबायचे, मावशीकडे वळायचे आणि विचारायचे, "बरं आहे ना?" मावशी हातातलं काम न सोडता त्यांना वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "बरं आहे." कधी म्हणायची, "मोजे बदला." काका निमूटपणे मोजे बदलायचे. लग्नाला तीस वर्षं झाली तरी बायकोच्या पसंतीशिवाय पाऊल बाहेर न टाकणारा माणूस, अशी आम्ही भाचरं त्यांची थट्टा करायचो. तेही हसायचे.

काका पुरुषांचे सूट शिवणाऱ्या एका दुकानात कटर होते. गिऱ्हाईकं त्यांना मास्तर म्हणत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काच, भिंतीला तीन आरसे आणि अगदी मागे, खाली ओढून घेता येणाऱ्या दिव्याखाली, कटिंगचं टेबल. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कोणता खांदा उतरता आहे हे काकांना कळलेलं असायचं. रंगांबाबत मात्र त्यांचं मत ठाम होतं. "सूट काळा, करडा, नाहीतर नेव्ही ब्लू. बाकी सगळी सर्कस."

जुन्या मालकांना हे पटायचं. ते थकले आणि त्यांची मुलगी दुकानात बसायला लागली. लहानपणी ती त्याच टेबलाखाली चिंध्यांशी खेळायची. तेव्हा तिला छकुली म्हणणारे काका आता ताई म्हणू लागले. ती त्यांना काकाच म्हणायची. पहिल्याच महिन्यात तिने वाइन, बाटलीहिरवा आणि मोहरीच्या रंगाचे तागे आणले.

"काका, नवरामुलगा आणि बँकेचा मॅनेजर एकसारखेच दिसायला हवेत का?"

"मॅनेजरचंही लग्न झालेलंच असतं की, ताई."

ती हसली, पण तागे परत गेले नाहीत. एका दातांच्या डॉक्टरने स्वतःच्या लग्नासाठी वाइन रंगाचा सूट सांगितला. लग्नाला तीन आठवडे होते.

काजं नेहमी मावशी घरी करायची. त्या आठवड्यात नेमकं माझ्या आईचं ऑपरेशन झालं आणि मावशी आमच्याकडे राहायला आली. काकांनी काजं स्वतः केली. दोन्ही बाह्यांना चार-चार, पुढे दोन, कॉलरच्या पट्टीवर एक. ट्रायलच्या दिवशी डॉक्टर आरशासमोर उभा राहिला. खांदे असे बसले होते की तो वळून वळून बघत राहिला. मग त्याने हात वर केला आणि बाहीकडे बघितलं.

"मास्तर, काजं हिरवी का?"

सगळी हिरवी होती. टाका इतका सुरेख की ते जास्तच उठून दिसत होतं.

ताईने डॉक्टरची समजूत काढून त्याला चार दिवसांनी बोलावलं. तो गेल्यावर तिने दार लोटलं. "मुद्दाम केलंत ना? पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं. कापडावर कसला राग काढता?"

काका कोटाची घडी घालू लागले.

"ठीक आहे. सोमवारपासून सूट तुम्ही कापायचे नाहीत. तुम्ही अल्टरेशन बघा. टेबलावर दुसरा कटर बसेल."

त्याच संध्याकाळी मावशी घरी परतली. काकांनी तो कोट तिच्यासमोर ठेवला. तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात तिला कळलं होतं, की यांना लाल आणि हिरवा एकच दिसतो, मळकट तपकिरी. तेव्हापासून रीळ निवडणं, मोजे बघणं तिच्याकडे होतं. काकांनी तिच्याकडून वचन घेतलं होतं, कुणाला सांगायचं नाही.

"ताईंना सांगितलंत?"

"नाही. त्यांना वाटतंय मी हट्टीपणा केला. सोमवारपासून टेबलावर दुसरा कटर बसवतायत."

"आणि तुम्ही वाटू दिलंत?"

"हट्टी कटर असतो. रंग न दिसणारा कटर कुणी ऐकलाय?"

"वा! म्हणजे हट्टी म्हणून टेबलावरून उठवलं तर चालेल, पण खरं सांगून तिथेच बसलात तर अब्रू जाईल. तीस वर्षं सर्कस सर्कस म्हणून मिरवलंत, आता खरं बोलून दाखवा एकदा."

काकांनी कोट पुढे ओढला. मग त्यांनी सुई घेतली आणि पहिलं काज उसवायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते दारात उभे होते. ताई कुलूप काढत असतानाच त्यांनी सांगून टाकलं. ती किल्ली हातात धरून बघत राहिली.

"इतकी वर्षं? बाबांनाही माहीत नव्हतं?"

"नाही. काळ्या-करड्यात कधी अडलंच नाही. निळा तर मला तुमच्यापेक्षा चांगला कळतो. पण ताई, टेबल मी सोडणार नाही. कापड कापायला रंग लागत नाही. मला फक्त खुणा लागतील."

"कसल्या खुणा?"

त्यांनी खिशातून दोन रिळं काढली. एकाच्या कडेला ब्लेडने एक खाच पाडली होती, दुसऱ्याच्या दोन. "एक म्हणजे वाइन, दोन म्हणजे हिरवा. बायकोने निवडून दिलीत. ताग्यांच्या काठांनाही तसेच टाके घालून ठेवतो. नवा रंग आणलात की नवी खूण सांगायची."

ताईने रिळांच्या खाचांवरून नख फिरवलं. मग म्हणाली, "आणि मोहरीला?"

"तीन. पण त्या रंगाचा सूट कुणी शिवेल असं वाटत नाही."

अकराही काजं त्यांनी उसवली आणि पुन्हा भरली. जुन्या सुईची भोकं झाकायला टाका केसभर रुंद घ्यावा लागला. काजं मावशीने करून द्यायची तयारी दाखवली, पण त्यांनी कोट तिच्या हाती दिला नाही. दोन खाचांचं रीळ त्यांनी दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. चौथ्या दिवशी डॉक्टर सूट घेऊन गेला.

टेबलावर दुसरा कटर आला नाही. पुढची नऊ वर्षं काकांनी ताईला सुचेल त्या रंगाचे सूट कापले. कुणी विचारलं, "मास्तर, मला कुठला शोभेल?" तर ते सरळ सांगत, "मला रंग दिसत नाहीत. ते ताईंना विचारा, मी खांद्याचं बघतो." गिऱ्हाईकाला ती थट्टा वाटायची. मग खरं कळायचं, आणि तरी तो माप द्यायला त्यांच्यासमोरच येऊन उभा राहायचा.

काका गेले त्याच्या आदल्या दिवशीही दुकानातच होते. नुकतीच नोकरी लागलेला एक तरुण ट्रायलला आला होता. आयुष्यातला पहिला सूट, म्हणून श्वास रोखून उभा होता. काका त्याच्या मागे गेले, दोन्ही खांद्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हात सैल सोडा. एवढं ताठ उभं राहायचं कारण नाही, सूट तुमचाच आहे."