जनरेटर अडकला त्या दिवशी

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी रत्नागिरीतल्या एका धर्मादाय संस्थेच्या एक्स-रे गाडीवर कामाला होतो. गावोगाव जायचं, छातीचे फोटो काढायचे आणि क्षयाचे रोगी शोधायचे, हे काम. गाडी परदेशातून देणगी म्हणून आलेली, जुनी. तिकडे कुणा कुटुंबाने ती सुट्टीत फिरायला वापरलेली असावी. आत झोपायच्या फळ्या होत्या, बशांचं कपाट होतं, एवढीशी मोरी होती. आम्ही फळ्या काढून तिथे यंत्र बसवलं, कपाटात फिल्मच्या पेट्या ठेवल्या आणि मोरीची डार्करूम केली. जनरेटर गाडीच्या बगलेतल्या लोखंडी खणात असे. टेबलाचा खण ओढावा तसा तो रुळांवरून बाहेर ओढायचा आणि मग दोरीचा हिसका देऊन सुरू करायचा. आत असताना दोरी ओढायला हातच पुरत नसे, आणि धूरही सगळा गाडीत भरला असता.

शिमगा नुकताच झाला होता. सणाला आलेले चाकरमानी मुंबईला परतायच्या आत त्यांचे फोटो काढायचे म्हणून आम्ही दापोलीच्या अलीकडच्या एका गावात सकाळीच पोचलो. शाळेच्या पटांगणात शंभरेक माणसं बसली होती. आणि खण बाहेर येईना.

आमचे ड्रायव्हर मिरकरवाड्याचे, वयस्कर. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. आधी मच्छीमारांच्या लाँचवर इंजिन सांभाळलेलं, त्यामुळे गंज त्यांच्या ओळखीचा. त्यांनी रुळांवर रॉकेल ओतलं, हातोडीने ठोकलं. मग खणाच्या मुठीला दोर बांधून चार गडी ओढायला लावले. खण चार बोटं पुढे आला, तिरका झाला आणि घट्ट बसला. पुढच्या हिसक्याला मूठच तुटून हातात आली. बारा वाजले. म्हाताऱ्या बायका उठून घरी जायला लागल्या.

"ओढू नका आता," मागून कुणीतरी म्हणालं. "आदी आत ढकला."

पस्तिशीचा, सडपातळ माणूस होता. गावाबाहेरच्या बौद्धवाडीतली माणसं पटांगणाच्या टोकाला आंब्याखाली वेगळी बसली होती, त्यांच्यातून उठून आला होता. मुंबईत गिरणीत फिटर आहे म्हणाला. पुढे बसलेल्यांपैकी एकजण हसला, "तू काय करनार?" चाचांनी पान्ह्यांची पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

तो गाडीखाली शिरला आणि उताणा पडला. बराच वेळ नुसतं बघत राहिला. जनरेटरच्या वजनाने खणाचं तोंड खाली लवलं होतं, खणाचं पुढचं छोटं चाक रुळातून सुटून कडेला अडकलं होतं, आणि खण अडकवून ठेवणारी एका बाजूची खिट्टी गंजून मागे सरतच नव्हती. त्याने खणाखाली फळी लावून जॅक चढवला. वजन उचललं तसं आम्हाला खण आत ढकलायला सांगितलं. चाक रुळावर आलं. मग तो हॅक्सॉच्या पात्याने खिट्टीभोवतीचा गंज खरवडत बसला. गंजाचे पापुद्रे त्याच्या तोंडावर पडत होते. मध्येच खोकल्याची उबळ आली की तो हात थांबवायचा, मान वळवायचा आणि पुन्हा सुरू करायचा.

मी शेजारी उकिडवा बसून बॅटरी धरली होती. तो खोकला मला कळत होता. माझं कामच ते होतं. तरी मी त्याला बाहेर यायला सांगितलं नाही, कारण त्याच्याशिवाय दिवस वाया गेला असता.

तीनच्या सुमाराला खिट्टी सरकली. खण दोन हातांनी अलगद बाहेर आला. दोरीच्या तिसऱ्या हिसक्याला जनरेटर धडधडायला लागला आणि पटांगणातली पोरंबाळं ओरडली.

यंत्र नीट चालतंय का बघायला आम्ही पहिली फिल्म लगेच धुवून बघायचो. चाचा म्हणाले, "पहिला फोटो ह्याचाच." त्याने हातपाय धुतले, सदरा काढला आणि फिल्मच्या पाटीला छाती लावून उभा राहिला.

डार्करूममध्ये लाल दिव्यापुढे मी ओली फिल्म धरली. उजव्या बाजूला वर, गळपट्टीच्या हाडाखाली, क्षयात पडते तशी पोकळी दिसत होती. डावीकडेही डाग होते. निदान डॉक्टरांनीच सांगायचं, आम्ही तोंड उघडायचं नाही, असा संस्थेचा नियम होता.

मी बाहेर आलो. तो सदऱ्याची बटणं लावत होता.

"कसा आला?"

"फोटो चांगला आलाय," मी म्हणालो. "बाकी डॉक्टर कळवतील."

मी फिल्मबद्दल बोललो होतो. तो हसला. आंब्याखाली बायको बसली होती, तिला त्याने लांबूनच हात हलवून सांगितलं, "चांगला आलाय!" मला तेव्हाच त्याला बाजूला घेता आलं असतं. पण रांग लागली होती, उजेड चालला होता, मी पुढचं नाव पुकारलं.

चौथ्या दिवशी तो मुंबईला गेला. डॉक्टरांचं पत्र गावी पोचायला तीन आठवडे लागले. पोस्टमनने ते न उघडता तसंच मुंबईला पाठवलं, तोवर त्याने खोली बदललेली, त्यामुळे ते त्याला मिळालंच नाही.

मृगाच्या आधी आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. त्याची बायको दोन मुलांना घेऊन रांगेत उभी होती. मी तिला ओळखलं नाही, तिनेच सांगितलं. गिरणीत पाळीवर असताना त्याला रक्ताची उलटी झाली होती, आता तिकडे इस्पितळात होता.

"खोकला हाय, दाखवून घ्या, आसा मी सांगत व्हते," ती म्हणाली. "तर म्हनाले, साहेबांनी सांगितलाय, चांगला हाय म्हनून."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी मान खाली घालून मुलांची नावं लिहून घेतली.

त्या तिघांच्या फिल्म मी लगेच धुतल्या. मुलांचे फोटो निर्मळ होते. तिच्या फोटोत मात्र लहानसा डाग होता. मी फिल्म वाळायचीही वाट पाहिली नाही. चाचांना मुलांकडे बघायला सांगितलं आणि तिला गाडीच्या पायरीवर बसवलं.

"वहिनी, छातीत डाग दिसतोय. क्षयाचा असू शकतो. सुरुवातच आहे, औषधाने बरा होतो. रत्नागिरीला या."

ती म्हणाली, "पेरनी उरकून आले तर चालंल?"

"नाही. उद्याच या."

दुसऱ्या दिवशीच्या एस्टीने ती आली. आदल्या दिवशी मी नियम मोडल्याचं मीच डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तिचा कागद पुढे ओढला. दीड वर्ष ती दर महिन्याला औषधं न्यायला येत राहिली आणि बरी झाली.

तिचा नवरा त्याच वर्षी दिवाळीआधी मुंबईतच वारला. हे तिने मला औषधाच्या खिडकीपाशी सांगितलं, मागे माणसं उभी होती म्हणून थोडक्यात.