सरव्याची चोरी

मी माझ्या मोठ्या बहिणीला चोर ठरवलं. भांडणात नाही, रागात नाही. चांगला शुद्धीवर असताना, चहा पिऊन, कॉलनीच्या ग्रुपवर, लेखी.

त्या दिवसांत सगळं नागपूर एकच सिनेमा पाहून येत होतं. खेड्यातलं गरीब पोरगं, त्याची आई आणि त्यांची उपासमार. मी आणि बायको रविवारी दुपारचा खेळ पाहून आलो. त्यात एक प्रसंग आहे : पोरगं दुसऱ्याच्या खळ्यावरून धान चोरतं, चड्डीच्या खिशात कोंबतं आणि धावत सुटतं. तिथं मी रडलो. शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईंनी आपला रुमाल पुढे केला, इतका रडलो. बायको दुसरीकडे पाहत होती.

घरी आलो तर ग्रुपवर जुंपलेली. लकडगंजात धान्याचं दुकान असलेले एक शेजारी म्हणत होते, गरिबी दाखवून पोट भरायचा धंदा आहे हा. मिहानमध्ये नोकरी करणाऱ्या, खालच्या मजल्यावरच्या तरुणानं लिहिलं की तो दोनदा पाहून आला आणि दोन्हीदा आईला फोन केला. समोरच्या घरातले निवृत्त मास्तर मोजकं लिहितात. त्यांनी लिहिलं, 'गरिबी दाखवली, पण कोणाची ते लपवलं. या गावाला वेशीबाहेरची वस्तीच नाही. बाबासाहेबांचा फोटो एका भिंतीवर दिसला नाही.' यावर कोणीतरी फुलांचा गुच्छ पाठवून विषय बदलला.

आता मी काय कमी आहे? गरिबीवर बोलण्यात मी जुना माणूस. ऑफिसातल्या प्रत्येक निरोप समारंभात माझी गरिबी ठरलेली असायची, समोशाच्या आधी. मी लिहिलं : 'हा सिनेमा नव्हे, माझं बालपण आहे. वडील दुसऱ्याकडे सालदार. माझी दहा वर्षांची बहीण लोकांच्या वावरातून धान चोरून ओच्यात आणायची, तेव्हा आमची चूल पेटायची.'

काय दाद मिळाली म्हणता. जोडलेले हात, ओले डोळे. तरुण म्हणाला, 'सर, रिस्पेक्ट.' लकडगंजवाले म्हणाले, असं असेल तर सिनेमा पाहावा लागेल. मला माझं लिखाण इतकं आवडलं की मीच ते उचलून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. कोणी विचारलं नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिणीचा फोन आला. ती कुहीच्या पुढे एका खेड्यात असते. धानाची शेती आहे, मुलगा आहे, सून आहे.

"तू मले चोर लिवलं काय?"

"ताई, ते असं... भावनेच्या भरात..."

"सुनेनं वाचून दाखवलं, साऱ्या घरासमोर. अन् हासली. मले सांग, ते हासली काहून?"

मला काही सुचेपर्यंत फोन बंद. पुन्हा लावला, उचलला नाही. पुन्हा. नाही.

त्या घरात धानाच्या कोठीची किल्ली अजून तिच्या कमरेला आहे. सून आली त्या दिवशी ताईनं सांगितलं होतं, या घरात कोणी कोणाच्या दाण्याले न विचारता हात लावत नाही. आणि आता त्याच सुनेनं, त्याच घरात, सासूच्या सख्ख्या भावाच्या हातचं वाचून दाखवलं की सासू लहानपणी धान चोरायची. मी गॅलरीत गेलो. आत आलो. कूलरचं पाणी पाहिलं. भरलेलं होतं, तरी पुन्हा भरलं. ते खाली सांडलं म्हणून बायकोचं बोलणं ऐकलं. फोन उलटा ठेवला, सुलटा ठेवला.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता बायकोनं विचारलं, "खरंच चोरायच्या का हो ताई?"

मी तिच्या पुढ्यातली एक जुडी ओढून निवडायला घेतली. ताई चोरत नव्हती. ती सरवा वेचायची. कापणी झाली, मालकानं पेंढ्या बांधून खळ्यावर नेल्या, की वावरात पडून राहिलेल्या लोंब्या गरिबाघरच्या बाया-पोरींनी वेचायच्या. त्याला सरवा म्हणतात. मालकालाही ते माहीत असतं, गावालाही माहीत असतं. त्यात लपवायचं काही नाही. हे मला चांगलं माहीत होतं. मग मी चोरी कधी लिहिली? आठवत बसलो तर ताईच्या जागी सारखं ते सिनेमातलं पोरगंच यायचं, खिसे फुगलेलं, धावणारं. आमच्याकडच्या वावरात कधी कोणी धावल्याचं आठवत नाही. चिखल वाळून भेगा पडलेल्या असायच्या, धावलं तर पाय मुरगळायचा.

मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली : चोरी नव्हे, सरवा, आणि त्याचा अर्थ. चार जणांनी वाचली. लकडगंजवाल्यांनी लिहिलं, 'साहेब, पहिलंच ठेवा. चोरी जास्त भिडते.' नातेवाइकांच्या ग्रुपवर तर कोणी पाहिलंही नाही. तिथं तोवर कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस लागला होता.

दोन दिवस फोन लावून पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि तिच्या गावी गेलो. ताई अंगणात तांदूळ पाखडत होती. माझ्याकडे पाहिलं आणि पाखडत राहिली. सुनेनं पाणी दिलं, चहा दिला. तिच्या तोंडावर अजून हसू होतं असं मला वाटलं. मी खाटेवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

"ताई, मी दुरुस्ती टाकली ग्रुपवर."

सूप थांबलं. "कुठी टाकली? माह्या घरात तं नाही आली."

मी फोन काढून ती दुरुस्ती शोधू लागलो.

"तो सिनेमा दाखव मले," ती म्हणाली. "चोरी करणं कुठून शिकली मी, ते पाहू दे. अन् तूही चाल वं," ती सुनेला म्हणाली. "तुले हासू येते ना लय."

दोघींना मागच्या सीटवर घेऊन मी नागपूरला निघालो. रस्त्यात मी दोनदा गाणी लावली, दोनदा बंद केली.

दुपारचा खेळ, अर्धं थिएटर भरलेलं. आमच्या पुढे एक बाई सुरुवातीपासूनच नाक ओढत होत्या. मागे कॉलेजची पोरं मक्याच्या लाह्या कुरकुरवत होती. पोरग्याचा फाटका सदरा पडद्यावर जवळून दाखवला तेव्हा ताई अजिबात आवाज न चोरता म्हणाली, "याची माय घरातच हाय ना? मंग ठिगळ काहून नाही लावत? आमच्या मायनं असं फाटकं नसतं घालू देल्लं."

पुढच्या बाई वळल्या. मी मान खाली घातली.

मग तो खळ्याचा प्रसंग आला. मागून एक पोरगा म्हणाला, "ओव्हर केलं यार." पुढच्या बाई हुंदके देऊ लागल्या. मी ताईकडे पाहिलं नाही. तिचंच ऐकू आलं : "चड्डीच्या खिशात कितीक धान मावते? ओंजळभर. एवढ्यासाठी धावते अन् मार खाते. सुपात घेतलं असतं तं दोन दिवस पुरलं असतं." मागची पोरं जोरात हसली. पुढच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. सून पदर तोंडात कोंबून बसली होती. हसत होती की रडत होती, अंधारात कळेना.

बाहेर पडलो. पार्किंगमध्ये गाडीपाशी ताई थांबली आणि सुनेकडे वळली. मी मध्ये पडायला तोंड उघडलं. तिनं हातानंच गप्प केलं.

"पाहिलं? ते चोरी होती. मी सरवा वेचला. कापलेल्या धानाचा कडपा वावरात आडवा पडला हाय तोवर त्याले हात नाही लावला. मालकानं धान खळ्यावर नेलं, मंगच वावरात पाय ठेवला. सुगीभर वेचलं अन् या भावाले जगवलं. हास आता."

सून म्हणाली, "आई, मी तुमच्यावर नाही हासली."

"मंग?"

"माही मायही सरवा वेचे. मीही गेली हाय तिच्यासंगं. मामाजीनं चोरी लिवलं ते वाचून हासू आलं मले. म्हणलं, मामाजी एवढे शिकले अन् यायले सरवा माहीत नाही."

ताईनं विचारलं, "तुही माय? तू कधी बोलली नाही वं."

"तुम्ही तरी कुठी बोलल्या?"

दोघी गाडीला टेकून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या : कोणाच्या वावरात लोंब्या जास्त सुटायच्या, हातांना धानाचं कूस कसं टोचायचं, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून भाकर कशी खायची, दिवस मावळेतो किती व्हायचं. मी चावी हातात घेऊन ताटकळलो. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मला राहवेना. मी म्हणालो, "ताई, मला माहीत होता गं सरवा. मीही होतो ना तुझ्यासोबत. मी पुन्हा लिहितो, व्यवस्थित, जसं आपण दोघांनी वेचलं तसं."

ताईनं सुनेसाठी गाडीचं दार उघडलं, स्वतः बसली, आणि मग काच खाली करून म्हणाली,

"आपण दोघं कोण गा? सिनेमातल्या त्या पोट्ट्यानं चोरी तरी केली. तू तं धुऱ्यावर बसून 'भूक लागली, भूक लागली' म्हणून रडे, बस."